मिठाचा नवस

आत बरणीचं झाकण खुट्ट वाजलं. मुंबईहून आलेला कागद वाचता वाचता डॉक्टरांनी मान वर केली. सोनूबाई ओशाळली.

“सून हाय. चोरून मीठ खाते,” ती हळूच म्हणाली. “दोन पावलं टाकवत नायत, पण भिंतीला धरून तिथवर जाते. डोहाळे म्हनावं, तर तसंबी काय नाय.”

“जेवणात घालत नाही?”

“देवीला नवस बोललेय वो. गोदाचं औषध सुटेपर्यंत दोघींनी अळणी खायाचं. मीठ हाय ते नातीपुरतं.”

डॉक्टरांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

“मावशी, मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात. त्यांचा एक रस रक्तात उतरतो, कॉर्टिसोल. सकाळी तो सगळ्यात जास्त. म्हणूनच तिचं सकाळचं रक्त बर्फात घालून मुंबईला धाडलं होतं. त्यात तो नावालाच निघाला. म्हणून ती काळवंडली, उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगात मीठ टिकत नाही तिच्या. चोरून खाल्लं म्हणून आज निदान भिंतीला धरून तरी उभी आहे.”

सोनूबाईनं पदर तोंडाला लावला. “मी तर तिच्या भल्यासाठीच...”

“दिसतंय ना. तुम्हीही वाळलात की.” त्यांनी गोळ्यांची बाटली तिच्या हातात दिली. “या आजपासून. आणि मीठ हवं तेवढं द्या. भातलावणीला उभी राहील बघा.”

“आनि गोळ्या कवा सुटतील?”

“सुटायच्या नाहीत. जन्मभर. एक दिवससुद्धा चुकवायची नाही.”

डॉक्टरांची फटफटी उताराला लागली तरी सोनूबाई ओटीवरच होती. मग उठून आत गेली. गोदा चुलीपाशी बसली होती, मूठ पदराखाली.

“चोरतेस कशाला गो? मागायचंस.”

“मागितलं होतं,” गोदा म्हणाली.

सोनूबाईनं दोन वाडग्यांत पेज ओतली. गोदाच्या पेजेत मीठ घालून ढवळलं, चव बघायला बोट बुडवलं आणि तोंडाशी नेता नेता पदराला पुसलं. गोदानं वाडगा एका दमात रिकामा केला. मग भानावर आल्यागत तिनं विचारलं, “आनि नवस?”

“बोलले मी. तुझा वाटा मी उचलला. देवीला सांगीन काय ते.”

तिनं आपला वाडगा ओढून घेतला. शेजारी बसलेली जनी मिठाची बरणी दोन्ही हातांनी धरून आजीकडे बघत होती.

“आजी, तुझ्या पेजेत कधी घालायचं?”