जुन्या कॉम्प्युटरची अंगाई

आमच्या घरात वीज वाचवायचं खातं नवऱ्याकडे आहे. मी आत असतानासुद्धा बाहेरून बाथरूमचा दिवा बंद करून जाणारा माणूस तो! परवा त्याने आमच्या जुन्या कॉम्प्युटरला शिस्त लावली. दोन मिनिटं कुणी हात लावला नाही, की स्क्रीन काळी, आतला पंखा बंद, आणि वीज लागते ती अगदी नावापुरती.

पण आमची तान्ही चिमणी झोपते ती त्या पंख्याच्या घूंघूं आवाजावरच! तो थांबला, की हिचा भोंगा सुरू. तेव्हापासून माझी एक आंघोळ धड झालेली नाही. कानामागचा साबण तसाच ठेवून मी पाळण्याकडे धावतेय.

आज त्याला सुट्टी होती. "तू जा, निवांत केस धू. मी बघतो हिला," तो म्हणाला. मी केस धुतले, गुंता सोडवला, चक्क एक गाणंही गुणगुणलं, तरी बाहेर चिडीचूप. चवड्यांवर चालत जाऊन खोलीत डोकावले.

चिमणी गाढ झोपलेली. कॉम्प्युटरचं घूंघूं चालू. आणि नवरा एका हाताने पाळणा, दुसऱ्या हाताने माउस हलवत घामाघूम बसलेला.

"हात थांबला की पंखा थांबतो गं," तो कुजबुजला, "आणि पंखा थांबला की ही उठते."

"अरे, मग ती सेटिंगच काढून टाक ना!"

 

"वेडी आहेस का? वीज किती वाचते त्याने!"