दुसरा खांदा

राष्ट्रीय ग्रंथालयाकडून आलेल्या पोरीनं गावचा जुना मोडी कागद यंत्राखाली धरला, तसा चिमाजीअण्णांचा जीव खालीवर झाला. भोंगवलीत मोडी वाचणारे ते एकटेच. चाळीस वर्षं दर यात्रेला ते मोठ्यानं वाचून दाखवत: पालखीला पहिला खांदा पाटलांचा, दुसरा मुलाण्यांचा. पण दुसरा खांदा कागदात नव्हताच. यात्रेत एकदा खांद्याच्या मानावरून पाटील-मुलाण्यांत काठ्या निघाल्या, तेव्हा अण्णांनी ती ओळ पदरची घालून गाव शांत केलं होतं. आता यंत्र सगळं बाळबोधीत उतरवणार, अख्खा देश मोबाईलवर वाचणार! अण्णांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. शेजारी म्हातारा दिलावर मुलाणी बसला होता. पोरगी थबकली. “आजोबा, गाव सांगतं त्या दुसऱ्या खांद्याचं यात काहीच नाही हो.” अण्णांनी टोपी घाईघाईनं डोक्यावर ओढली. दिलावर त्यांच्याकडं न बघता म्हणाला, “ठावं हाय, अण्णा. माझ्या बापालाबी मोडी येत हुती.”