पाव्हण्यांची चौकशी

अनोळखी पाव्हण्यांनी नुसता लिंबूसोडा मागवला, तेव्हाच आम्ही ओळखलं : हे मुलीचे वडील. परमिट रूमचं नाव ऐकूनच निशिकांतची दोन स्थळं मोडली होती. हे गृहस्थ निदान चौकशीला तरी आले होते. काउंटरमागे निशिकांत एकच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होता.

“मालक कसे आहेत हो?” पाव्हण्यांनी आम्हाला विचारलं.

आम्ही रोजची गिऱ्हाइकं. पोराचं भलं करायला एकदम सुटलो.

“देवमाणूस! कुणाला कधी नाही म्हणत नाही बघा.”

“बंद करायची वेळ झाली तरी उठवत नाही, पाव्हणं!”

आमच्या हिशेबाने प्रत्येक कौतुक निशिकांतच्या खात्यात जमा होत होतं. पाव्हण्यांच्या चेहऱ्यावर मात्र ते नावे पडत होतं. शेवटी त्यांनी बिल मागितलं. निशिकांतचा हात थांबला.

तेवढ्यात कोपऱ्यातून भूपालअण्णा करवादले, “कसला देवमाणूस! मला दोनाच्या वर ओतत नाही. आमच्या हिनं एकदा दारात येऊन सांगितलं, तेव्हापासून नाही म्हणजे नाही. पाया पडलो, शिव्या दिल्या. अहो, बायको माझी, आणि तिला भितो हा!”

आम्ही डोळे वटारले. अण्णा कुठले गप्प बसतात!

पाव्हणे उठले आणि थेट काउंटरपाशी गेले.

“रविवारी आईंना घेऊन पोहे खायला या,” ते निशिकांतला म्हणाले. “आणि बोलणी करायला ते अण्णा तेवढे आणा. ही बाकीची मंडळी नकोत.”