मुलाखतीतल्या बाई

बाई वर्गात आल्या तसे सर स्वतः उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली. बाई म्हणजे तिची सख्खी आई, आणि हे त्या दोघींखेरीज वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं झालं असं. सामाजिक विषमतेच्या पेपरासाठी सरांनी प्रकल्प दिला होता: आपल्याहून वेगळ्या स्तरातल्या, अनोळखी माणसाची मुलाखत घ्या. हिनं महिनाभर चालढकल केली आणि शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात आईलाच समोर बसवलं. वर 'हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुणारी एक अनोळखी स्त्री' असं बिनदिक्कत ठोकून दिलं. सरांना ते इतकं भावलं, की म्हणाले, बाईंना वर्गातच घेऊन ये. आता घ्या! खरं सांगावं तर प्रकल्प बाद, आणि मैत्रिणींना वर्षभर मारलेल्या थापाही उघड्या. आई ऑफिसात आहे म्हणून सांगून बसली होती ना.

फाटकाशी तिनं आईला बजावलं, आत ओळख दाखवू नकोस. आई रागावली नाही की रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग तुला हाक काय मारू?"

आई बोलली मात्र झकास. ओल्या चादरी किती जड होतात, रक्ताचे डाग आधी गार पाण्यातच का घालायचे, वाफेनं हात कसे पोळतात. मुलं हसली, गप्प झाली, भराभर लिहून घेत राहिली. मुलीला वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. दोनदा तिनं बाकाची कड धरली, पण धीर काही होईना. आईची वाटणारी लाज कधीच मागे पडली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

शेवटी सरांनी विचारलं, मुलाखत देताना कसं वाटलं?

"बरं वाटलं," आई मुलीकडे बघत म्हणाली. "या ताईंनी विचारलं, लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो. घरी मुलगी आहे माझी, पण तिला अभ्यासातून वेळ मिळत नाही."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलीनंही वाजवल्या.