अकरावी गिटार

"काका, राग मानू नका, पण आज तुम्ही वायर लावू नका."

कॅल्विन हे बोलला तेव्हा विलासराव शाळेच्या हॉलमध्ये, पडद्यामागच्या खुर्चीवर बसून गिटारच्या तारा फडक्याने पुसत होते. वायर खराब झाली असेल, असं त्यांना वाटलं.

"माझ्याकडे दुसरी आहे, सर," ते म्हणाले.

"वायर चांगली आहे." कॅल्विनने मान खाली घातली. हा भुईगावचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. इलेक्ट्रिक गिटारच्या उन्हाळी शिबिरात दहा दिवस सगळ्यांना हसतखेळत शिकवलं, आणि समारोपाच्या दिवशी त्याच्यावर ही पाळी आली होती. "काल तालमीत तुमची बोटं कॉर्डवर उशिरा पडत होती. तुमच्यामुळे अश्लेषा चुकली, तिच्यामुळे बाकीचे. पोरगी घरी जाऊन रडली. तिच्या मम्मीचा फोन आलेला मला. तुम्ही उभे राहा, हात चालवा. वायरचं एक टोक गिटारला, दुसरं खिशात. दहा जण वाजवणार, खाली कोणाला कळणार पण नाय."

इलेक्ट्रिक गिटारचं हे एक बरं असतं. वायर काढली की तिची फळी होते. साध्या गिटारला असं गप्प बसवता येत नाही.

विलासरावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता गिटार बॅगेत भरावी आणि मागच्या दाराने चालू पडावं. बावन्नाव्या वर्षी शाळकरी पोरांत मांडी घालून बसलो, 'नातवाला सोडायला आलात का' हेही ऐकून घेतलं, बोटांची सालं काढून घेतली, ती ह्यासाठी?

पण पडद्याच्या फटीतून त्यांना तिसऱ्या रांगेत बायको दिसली, आशालता. चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर ठेवून, परीक्षेच्या हॉलवर पहारा करायला बसल्यासारखी. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारली आणि विलासरावांनी एका लग्नाच्या बँडवाल्याकडून ही जुनी लाल गिटार आणली, तेव्हापासून घरात धुसफूस होती. शेवटी त्यांनीच तह केला होता. समारोपाला ये, ऐक, आणि मग सांग. नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी विकून टाकतो. आशालता शब्दाची पक्की. तिला उगाच गोड बोलता येत नसे, आणि विलासरावांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"आत्ता एकदा वाजवून दाखवू? फक्त तेवढी एक ओळ?"

कॅल्विनने घड्याळाकडे बघितलं. "सातला लाइट जाते, काका."

सातला वीस मिनिटं होती. वसईत त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगपुढे कोणाचं काही चालत नव्हतं, तिथे विलासरावांचं काय चालणार?

पडदा सरकला. अकरा जण उभे राहिले, विलासराव सगळ्यांत मागे, कडेला. शेजारी अँप्लिफायर होता आणि त्यात वायर लावायची एक जागा रिकामी होती. हात लांब केला असता तर सहज पोचला असता. त्यांचा हात खिशात गेलाही. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या अश्लेषाने मागे वळून पाहिलं. बारा वर्षांची पोर. तिने त्यांच्या गिटारकडे पाहिलं, वायर कुठे जाते ते पाहिलं, आणि निश्चिंत होऊन तोंड पुन्हा पुढे वळवलं. म्हणजे पोरांनाही सांगितलेलं होतं.

त्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

कॅल्विनने चार आकडे मोजले आणि गाणं सुरू झालं. विलासराव वाजवू लागले. खोटं खोटं हात हलवणं त्यांना जमेना, म्हणून खरंच वाजवू लागले. एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची ती दुष्ट कॉर्ड जवळ आली. दहा दिवस ती त्यांना एकदाही वेळेवर सापडली नव्हती. आज सापडली. दुसऱ्या कडव्यात पुन्हा सापडली, तिसऱ्यातही. बोटं आपसूक पडत होती, तारांची बारीक थरथर त्यांना पोटाशी जाणवत होती. त्यांना आनंद झाला. कोणीतरी अगदी जवळ येऊन कान लावला असता तर कळलं असतं. पण त्या गोंगाटात कोण कान लावतो?

टाळ्या चांगल्या झाल्या. अश्लेषाची आई उभी राहून वाजवत होती. टाळ्या संपायच्या आत लाइट गेली, आणि सगळे चाचपडत बाहेर आले.

पटांगणात अजून थोडा उजेड होता. आशालता गर्दीतून वाट काढत आली. विलासरावांनी मनाशी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. बायकोला फसवून मिळवलेली गिटार घरात ठेवायची कशाला?

"अगं, ऐक, तुला एक सांगायचं होतं..."

"थांबा. आधी मी सांगणार." तिचे डोळे भरून आले होते. पंचवीस वर्षांत विलासरावांनी तिला असं फार वेळा पाहिलं नव्हतं. "मी उगाच कोणाचं कौतुक करत नाही, तुम्हाला माहीत आहे. सबंध वेळ मी तुमच्याच बोटांकडे बघत होते. बाकी पोरांचं कर्कश होतं हो. तुमची तेवढी कानाला गोड लागली. कुठे खरखर नाही, काही नाही. विकायची नाही गिटार."

विलासराव गिटारची बॅग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिले. मागून कॅल्विन येत होता. त्याने हे ऐकलं आणि तो बुटाची लेस बांधायला खाली बसला.

आशालताने पदराने डोळे टिपले आणि जवळ येऊन, जरा लाडाने, नवऱ्याला विचारलं, "मग असं घरी का नाही हो वाजवत कधी?"