पाठमोरी

तपासनीस लोटलीकरांनी बाजारातून आणलेली गांजाची पुडी परवान्याने गांजाचे वाण तयार करणाऱ्या हेमांगीताईंपुढे ठेवली. "तुमच्या वाणाची नक्कल वाटते. तुम्ही ओढून सांगा, नक्कल असेल तर सगळा साठा आजच जाळून टाकतो."

ताईंनी आपल्या वाणात खूण म्हणून स्वतःची एक आठवण पेरली होती. ओढणाऱ्या प्रत्येकाला तीच दिसे: अंगणात पाठमोरी बसून वेणी घालणारी शाल्मली, त्यांची वारलेली मुलगी. ती कधीच मागे वळत नसे.

ताईंनी झुरका घेतला. अंगण तेच होतं, वेणीही तीच. पण वेणी संपवून शाल्मली मागे वळली. "आई," ती म्हणाली, "किती वेळ लावलास."

 ताईंनी पुडी नीट मिटली.

"माझाच वाण आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्या दुकानात मिळाला?"