एका बाजूचा उजेड

बाबांच्या तेराव्याला आलेले लोक विचारत होते, फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलीनं बापाचा असा पासपोर्टसारखा सपाट फोटो का लावला.

खरं तर तो माझ्या अभ्यासाचा फोटो होता. चेहऱ्याची एक बाजू अंधारात ठेवा, असं सरांनी सांगितलं होतं. आजारी बाबा लातूरच्या आमच्या स्टुडिओत स्टुलावर बसले. मी एक दिवा बंद केला की ते उठून परत लावायचे.

"बाबा, हा काही मेडिकलच्या फॉर्मवर लावायचा फोटो नाही."

ते हसले. क्लासच्या पोरांचे फॉर्मसाठी फोटो काढण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. मग म्हणाले, "भूकंपात ओळख पटवायला मेलेल्यांचे फोटो काढले मी. एका पोरीच्या एका गालावर सकाळचं ऊन होतं, दुसरा सगळा अंधारात. तिच्या बापानं तो फोटो बघितला, ओळखला न्हाई अन् बाजूला ठेवला. पोरगी जिती असंल म्हणून वर्षभर दवाखाने हिंडला."

"तुमच्याकडे फ्लॅश नव्हता?"

"होता की. फोटो लई सुंदर येत होता, म्हणून मारला न्हाई."